तीन अध्याय आणि एक कोंबडी

आमच्या घरातलं पवित्र शास्त्र मिटून उजेडात आडवं धरलं, की घराण्यात कोण कुठवर पोहोचलं ते पानांच्या कडांवरून कळतं. सुरुवातीची बोटभर कड काळपट आहे. तिथे उत्पत्ती आणि निर्गम. त्यानंतर एकदम पांढरीशुभ्र पट्टी लागते, दुकानातून आणली त्या दिवशीची. मधोमध पुन्हा मळकट, ती स्तोत्रसंहिता. मग बराच वेळ पांढरं, आणि शेवटाकडे मत्तय ते योहान पार तपकिरी. तीन पिढ्यांच्या बोटांनी लिहिलेला हा इतिहास आहे. यात खोटं बोलायला जागा नाही.

शास्त्र आजीचं. काळ्या रेक्झिनचं, पाठीवर पट्टी चिकटवलेलं. आत एक एसटीचं तिकीट आहे, झेंडूची पाकळी आहे, बियाण्याची एक पावती आहे. पहिल्या कोऱ्या पानावर सगळ्यांच्या जन्मतारखा. शाळेच्या दाखल्यावर माझा जन्म माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांप्रमाणे १ जूनचा आहे. खरी तारीख फक्त शास्त्रात. ‘शास्त्रात लिहिलंय ते खरं’ हे वाक्य माझ्यापुरतं तरी अक्षरशः खरं आहे.

आजीचा नेम होता : रोज तीन अध्याय, रविवारी पाच. सगळी मिळून ६६ पुस्तकं, १,१८९ अध्याय. या मापाने वाचत गेलं की वर्षात शास्त्र पुरं होतं. वसईच्या माझ्या कॅथलिक मित्राच्या बायबलात पुस्तकं ७३. म्हणजे मागे पडायला त्याला आणखी सात पुस्तकं मिळतात.

निवृत्त झाल्यावर मी हाच नेम धरला. दर १ जानेवारीला पहाटे उठून ‘आरंभी’पासून सुरुवात. जग सहा दिवसांत उभं राहतं, जलप्रलय होतो, अब्राहाम घर सोडतो, योसेफाला भाऊ विकतात. पानं कशी भराभर उलटतात. निर्गमात समुद्र दुभंगतो. आणि मग जानेवारीच्या अखेरीस लेवीय लागतं. कोणत्या अर्पणाची चरबी कुठे जाळायची, कोणता प्राणी रवंथ करतो आणि कोणता करत नाही. चहा निवतो, चष्मा घसरतो. संकल्प आणि जानेवारी एकाच आठवड्यात संपतात. शास्त्राच्या कडेवरची पांढरी पट्टी इथूनच सुरू होते.

अशा वेळी मला पंडिता रमाबाईंची लाज वाटते. केडगावच्या मुक्ती मिशनचा एवढा मोठा व्याप सांभाळत बाईंनी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला आणि सगळं शास्त्र साध्या बाईमाणसाला कळेल अशा मराठीत आणलं. आयुष्याची शेवटची कितीतरी वर्षं त्यात गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. छपाईचं काम मुक्तीतल्याच बायकामुलींनी केलं. मला लेवीय वाचवत नाही. बाईंना ते शब्द न् शब्द लिहावं लागलं. त्यांनी ‘पुढे मनोरंजक भाग आहे’ म्हणून काही वगळलं नाही.

मागे पडण्याचे एक-दोन फायदे मात्र आहेत. ते पुढे सांगतो.

आधी विश्वासाचं बघू. मराठी ख्रिस्ती माणूस देवाच्या बाबतीत ‘श्रद्धा’ हा शब्द फारसा वापरत नाही, ‘विश्वास’ म्हणतो. मंडळीतल्या माणसाला ‘विश्वासी’ म्हणतो. लहानपणी मला हे जरा कमी दर्जाचं वाटायचं. श्रद्धा कशी गाभाऱ्यातली, समईच्या उजेडातली. विश्वास म्हणजे बाजारातला शब्द. गवळ्यावर ठेवायचा, वाण्यावर ठेवायचा, ‘रविवारी नक्की येतो’ म्हणणाऱ्या प्लंबरवर ठेवायचा. पण रोज वाचता वाचता वाटू लागलं की ज्याने कोणी हा शब्द पहिल्यांदा निवडला, त्याला माणसं कळत होती. श्रद्धा बसल्या जागी करता येते. विश्वास ठेवला की दार उघडं ठेवून प्लंबरची वाट पाहावी लागते.

अब्राहामाची गोष्ट उत्पत्तीच्या बाविसाव्या अध्यायात आहे. उपदेशात ती फार मोठी होऊन येते. वाचताना ती साधी दिसते. पोराचं अर्पण कर, अशी आज्ञा झालेला हा म्हातारा दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे उठतो, गाढवावर खोगीर घालतो आणि लाकडं फोडतो. घरात गडीमाणसं आहेत, दोघं तर बरोबरच निघणार आहेत; तरी लाकडं फोडणारा म्हणून नाव येतं ते त्याचंच. तिसऱ्या दिवशी ती जागा लांबून दिसते. मग पोराच्याच खांद्यावर लाकडं. आणि पोरगं विचारतं : विस्तव आहे, लाकडं आहेत, कोकरू कुठंय? सबंध शास्त्रात इतका साधा आणि इतका अवघड प्रश्न मला दुसरा सापडलेला नाही. पुढे झुडपात शिंगं अडकलेला एडका दिसतो, पोर वाचतं, हे सगळ्यांना माहीत आहे. त्या पहाटे अब्राहामाला माहीत नव्हतं.

नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावी ओट्यावर आजी ही गोष्ट सांगायची, तेव्हा शेजारची माळ्याची आजी मान हलवून म्हणायची, ‘अगं, ही तर आमच्या चिलया बाळाची कथा.’ मग ती श्रियाळ राजाची, चांगुणेची आणि दारात आलेल्या अतिथीची गोष्ट लावायची. उखळात मुसळ घालणारी ती आई, तिच्या ओव्या, आणि शेवटी शंकराने उठवलेलं पोर. दोघी पदराने डोळे पुसायच्या. एकदा माळ्याची आजी म्हणाली, ‘आमच्यात आईला सारं करावं लागतं. तुमच्यात आईला विचारलं तरी का?’ आजी गप्प झाली. रात्री कंदिलाजवळ तिने तो अध्याय पुन्हा काढला आणि बोट फिरवत वाचला. सारेचं नाव त्यात कुठंच नव्हतं. ‘सांगितलंच नसंल तिला,’ आजी म्हणाली, ‘सांगितलं असतं तर गाढव सोडू दिलं असतं व्हय तिनं?’

मला काय कळलं ते वेगळंच. त्या रात्री मी वडिलांपासून लांब, आजीच्या गोधडीत निजलो.

आता पुढारीपण. गेल्या सप्टेंबरच्या अखेरीस आमच्या सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा होती. सदनिका चोवीस, हजर माणसं अकरा, त्यातली दोन सामोशांसाठी आलेली. जुन्या अध्यक्षांनी हात जोडले होते, नवा शोधायचा होता. योगायोग असा, की नेमाप्रमाणे जे मला मार्चमध्ये वाचायचं होतं ते मागे पडत पडत नेमकं त्याच सकाळी आलं : शास्ते, अध्याय नववा. त्यात योथाम नावाचा तरुण डोंगरावर उभा राहून झाडांची गोष्ट सांगतो. झाडं राजा निवडायला निघतात. जैतुनाकडे जातात, ते म्हणतं, माझं तेल सोडून तुमच्यावर डुलत बसू? अंजिराकडे जातात, ते म्हणतं, माझं गोड फळ सोडून? द्राक्षवेल म्हणते, माझा रस सोडून? शेवटी काटेरी झुडपाला विचारतात. ते म्हणतं, या की, माझ्या सावलीत बसा.

काटेरी झुडपाची सावली! आमच्या नगरकडे बाभळीखाली शेळ्या बसलेल्या पाहिल्यात त्यांना यातली गंमत जास्त कळेल.

सभा सुरू झाली. पहिल्या मजल्यावरच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, ‘माझे पेशंट सोडून?’ चार्टर्ड अकाउंटंटला विचारलं. तो म्हणाला, ‘रिटर्नचे दिवस आहेत, काका.’ तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंच्या मुलीची दहावी होती. जैतून झालं, अंजीर झालं, द्राक्षवेल झाली. मी मागे प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत होती तिच्याआड सरकलो. तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, ‘काका रिकामेच असतात.’ अकरा हात वर गेले. अकरावा माझाच होता. तो मी ‘थांबा’ म्हणायला वर केला होता.

पुढच्या पंधरवड्यात पहिलं शमुवेल लागलं आणि जरा धीर आला. इस्राएलचा पहिला राजा शौल. चिठ्ठीत नाव निघाल्यावर त्याला शोधतात, तर तो सापडत नाही. शेवटी कळतं की तो सामानात लपून बसलाय. फरक एवढाच की बाहेर आल्यावर तो सगळ्यांपेक्षा खांदाभर उंच निघाला. मी बाहेर आलो तेव्हा खुर्च्यांची चळतच माझ्यापेक्षा उंच होती.

तेव्हापासून मी शास्त्रातल्या पुढाऱ्यांकडे नीट पाहू लागलो. हौसेने पुढे आलेले फार थोडे, आणि त्यांचं पुढे काही खरं नाही. बाकीचे सगळे सबबी सांगणारे. मोशेला जळत्या झुडपातून हाक येते, तर तो म्हणतो, मी कोण, मला कोण ओळखतं, माझी जीभ जड आहे, दुसऱ्या कोणाला पाठव. गिदोन म्हणतो, आमचं घराणं दुबळं आणि त्यात मी सगळ्यांत धाकटा. त्याच गिदोनाकडे नंतर ३२,००० माणसं जमतात आणि परमेश्वर म्हणतो, फार झाली. भित्र्यांनी घरी जावं म्हटल्यावर २२,००० जातात. उरलेल्यांना पाणी प्यायला नेलं आणि शेवटी ठेवले ३००. आमच्या सभेत चोविसातले अकरा आले होते. या हिशेबाने गर्दीच म्हणायची.

मोशेची गोष्ट तर अध्यक्ष झाल्यावर मी पुन्हा मागे जाऊन वाचली. लोक गुलामीतून सुटलेत, पायाखाली रान आहे, आकाशातून रोज मान्ना पडतोय. आणि ते रडतात कशासाठी? मिसरात फुकट मिळणारे मासे, काकड्या, खरबुजं, कांदे आणि लसूण यांसाठी. गणना, अध्याय अकरावा. कांद्यासाठी डोळ्यांत पाणी आणणारी माणसं मला नवी नाहीत, मी नगरचा आहे. पण यातला खरा मासला मला कमिटीत बसल्यावर कळला. ज्या जुन्या कमिटीला दहा वर्षं नावं ठेवली, तिच्याबद्दल लोक आता जिन्यात हळवं होऊन बोलतात. ‘त्यांच्या वेळी पाणी तरी यायचं, काका.’ मिसरातला कांदा नेहमीच गोड असतो. मोशे वैतागून परमेश्वराला म्हणतो, असंच वागवणार असशील तर मला मारून टाक. मी एवढं टोकाला गेलो नाही. दोन दिवस फोन बंद ठेवला.

मोशेला एक मात्र भाग्य लाभलं, चांगला सासरा. इथ्रो भेटीला येतो आणि पाहतो, तर जावई सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे ऐकत बसलाय. तो म्हणतो, अशाने तू झिजशील आणि लोकही झिजतील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. मोठं तेवढं तुझ्याकडे येऊ दे. जावई ऐकतो. दशमग्रह म्हणून ज्याची ख्याती, त्याने सासऱ्याचं ऐकलं हाच मुळात चमत्कार. पण मला त्याहून आवडतो तो अध्यायाचा शेवट : सल्ला देऊन झाल्यावर इथ्रो आपल्या देशी निघून गेला. आमचे सल्लागार याच इमारतीत राहतात.

आणि हो, लेवीय. दुसऱ्या मजल्यावर ओल आली, भिंतीला हिरवट डाग पडले. रात्री झोप येईना म्हणून जिथे दरवर्षी झोप येते ते पुस्तक उघडलं, तर चौदाव्या अध्यायात घराच्या भिंतीवरच्या हिरवट-तांबूस चट्ट्यांचं सगळं प्रकरण! याजकाने स्वतः येऊन पाहावं, सात दिवस घर बंद ठेवावं, चट्टा पसरला असेल तर तेवढे दगड काढावेत, आतून भिंती खरवडाव्यात, नवा गिलावा करावा. आणि तरी परत आला तर घर पाडावं. रवंथावरून थट्टा केली त्याचं वाईट वाटलं. ज्याच्या घरात गळतंय त्याच्यासाठी हा अध्याय लिहिलेला आहे. मागे पडण्याचा हाच तो फायदा. नेमाने वाचणाऱ्याला अध्याय तारखेवर भेटतो, मागे पडलेल्याला गरजेवर.

ओल गेली, पाण्याचा प्रश्न राहिला. दुसरी टाकी आणि पंप बसवायचं ठरलं. पैसे जमले, जागा मिळेना. इमारतीखाली एकच कोपरा सोयीचा होता. पावसापासून आडोसा, वरच्या टाकीची नळी जवळ. तो कोपरा म्हणजे माझं पार्किंग, पंधरा वर्षांचं. मी सभेत उभा राहून त्यागावर बोललो. सगळ्यांनी थोडी झळ सोसली पाहिजे, असं म्हणालो. बोलणं चांगलं झालं, टाळ्या पडल्या. गेटजवळची फुलझाडं काढून टाकी तिथे बसवू, असं मी सुचवलं. फुलझाडं कोणाचीच नव्हती.

डिसेंबरच्या सुरुवातीला दुसरं शमुवेल संपत आलं. शेवटचा अध्याय. दावीद राजाला वेदी बांधायची आहे, अरवना नावाच्या माणसाच्या खळ्यावर. खळं म्हटल्याबरोबर मला आमचं खळं आठवलं : शेणाने सारवलेलं, मध्ये तिवडा, भोवती बैल. अरवना म्हणतो, महाराज, खळं घ्या, बैल घ्या, जळणाला मळणीची अवजारं आणि जू घ्या, सगळं असंच घ्या. राजाला फुकट मिळत होतं, आणि देणाराही मनापासून देत होता. दावीद म्हणतो, नको. ज्याला माझी काही झीज लागली नाही, असं मी माझ्या देवाला वाहणार नाही. आणि ५० शेकेल चांदी मोजून त्याने खळं आणि बैल विकत घेतले.

या पानावर झेंडूची पाकळी आहे. कडा पांढऱ्या, म्हणजे इथवर कोणी नेमाने आलेलं नाही. तरी पाकळी आहे. आजी इथे मुद्दाम येत असणार.

गावी आमच्या मंदिरात, म्हणजे चर्चमध्ये, दरवर्षी उपकारस्तुतीची उपासना व्हायची. लोक ज्वारी, बाजरी, भोपळे, अंडी, कोंबड्या आणून वेदीपुढे ठेवायचे आणि उपासनेनंतर आवारात लिलाव व्हायचा. लिलावात तांबड्या भोपळ्याला जी किंमत यायची ती बाजारात वाटाण्याच्या गोणीला येत नसे. एका वर्षी आमच्या घरात द्यायला दोनच जीव होते. एक कोंबडा, जो नाताळात कापायचाच होता. आणि एक कोंबडी, रोज अंडं देणारी. वडील म्हणाले, ‘आई, कोंबडा दे.’ आजीने कोंबडीचे पाय बांधले आणि पिशवीत घालून निघाली.

लिलाव सुरू झाला. पाळकसाहेबांनी कोंबडी वर धरली. वडील कोपऱ्यात उभे होते. त्यांना घरची अंडी दिसत होती, मी दिसत होतो, माझी बहीण दिसत होती. त्यांनी बोली लावली. आणखी दोघांनी लावली, वडिलांनी वाढवली. शेवटी बाजारभावाच्या दुप्पट देऊन, हातउसने घेऊन, आमचीच कोंबडी आम्ही घरी आणली. वडील खुशीत होते. देवालाही मिळालं, घरातही राहिलं.

आजी दिवसभर बोलली नाही. रात्री म्हणाली, ‘दिल्यालं परत आणत्यात व्हय रे? त्याला काय वाटंल?’ पुढच्या रविवारी तिने तीच कोंबडी पुन्हा पिशवीत घातली. या वेळी लिलाव नव्हता. तिने ती सरळ नेऊन पाळकसाहेबांच्या बायकोच्या हातात दिली आणि वडिलांकडे वळूनही पाहिलं नाही. कोंबडी एक, अर्पणं दोन.

मागच्या वर्षी उपकारस्तुतीला मी काय दिलं होतं? कपाटात चार वर्षं पडलेला, कोणाच्या तरी लग्नात भेट आलेला, खोकंही न उघडलेला डिनर सेट. खोक्यावर देणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी तशीच राहिली होती, ती ऐन लिलावात वाचली गेली. फुलझाडं सुचवणारा मी तोच. मी शास्त्र मिटलं आणि पुन्हा एकदा कडा पाहिल्या. पांढरी कड अजून तशीच होती, पण मधे एक बारीक मळकट रेघ दिसत होती. ती मी पाडलेली.

सकाळी हिला म्हटलं, ‘गाडीचा कोपरा देऊन टाकावा म्हणतो.’

‘आणि गाडी?’

‘बाहेर, जांभळाखाली.’

तिने चहा पुढे सरकवला. ‘अब्राहामाचं गाढव तरी कुठं सावलीत होतं,’ म्हणाली, आणि भाजी निवडायला बसली. मी तिला आधी सांगितलं, एवढं तरी आजीच्या पदरी पुण्य म्हणून जमा धरायला हरकत नाही.

कमिटीत सांगितलं तेव्हा कोणाचे डोळे बिळे पाणावले नाहीत. एक जण म्हणाला, ‘बरं झालं, काका, हे आधीच केलं असतं तर दोन मीटिंग वाचल्या असत्या.’

टाकी बुधवारी बसली. पाणी आता सकाळ-संध्याकाळ येतं. तिसऱ्या मजल्यावर दाब कमी आहे, त्याची तक्रार आली आहे. गाडी जांभळाखाली उभी असते. आज ३१ डिसेंबर, आणि मी अजून पहिल्या राजांच्या दहाव्या अध्यायात आहे, म्हणजे जवळजवळ ८९० अध्याय मागे. उद्या पुन्हा ‘आरंभी’पासून सुरू करणार नाही. जिथे आहे तिथून पुढे वाचणार आहे. जूनपर्यंत जांभळं पडायला लागतील.